चौथी बाई कोण? व्हेरा ॲटकिन्स आणि चुकलेल्या एका ओळखीचं प्रकरण

६ जुलै १९४४. फ्रान्सच्या आल्सेस भागातल्या डोंगरात असलेल्या नात्झवायलर या जर्मन छळछावणीत दुपारी चार बायका आणल्या गेल्या. छावणी पुरुष कैद्यांची, त्यामुळे तिथं बाई दिसणं हीच मोठी बातमी. छावणी डोंगरउतारावर टप्प्याटप्प्यानं बांधलेली होती. मधल्या रस्त्यानं चौघी खाली उतरत गेल्या, त्या बऱ्याच जणांना दिसल्या. हातात बॅगा, एकीच्या केसांना चौकडीची रिबीन, एकीकडे ऐन उन्हाळ्यात फरचा कोट. हे टिपणारा ब्रायन स्टोनहाउस मूळचा चित्रकार. फ्रान्समध्ये ब्रिटनचा बिनतारी यंत्रचालक म्हणून उतरला आणि पकडला गेला होता. त्याच्या नजरेनं जे धरून ठेवलं, ते पुढे कोर्टात उपयोगी पडलं.

त्या संध्याकाळी कैद्यांना लवकर बराकीत कोंडलं आणि खिडक्या बंद करायला लावल्या. रात्री चौघींना एकेक करून बाहेर काढलं. सुई टोचण्याआधी एकीनं विचारलं, कशासाठी? टायफससाठी, असं उत्तर मिळालं. सुईत फिनॉल होतं. त्यानंतर थेट दाहभट्टी.

चौघींपैकी तिघींची नावं बरोबर लागली. चौथीच्या जागी मात्र भलत्याच बाईचं नाव लिहिलं गेलं, आणि लिहिणारी अधिकारी कुणी नवशिकी नव्हती. फ्रान्समध्ये गेलेल्या ब्रिटिश हेरांची जेवढी खडान्‌खडा माहिती तिला होती, तेवढी लंडनमध्ये दुसऱ्या कुणालाही नसेल. तिचं नाव व्हेरा ॲटकिन्स. हे प्रकरण तिच्या त्या चुकीचं आहे. पण त्याची मुळं १९४६च्या तपासात नसून १९४३च्या शरद ऋतूत आलेल्या एका निरोपात आहेत, असं माझं मत आहे.

बेकर स्ट्रीटवरची अधिकारी

स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एसओई, ही संस्था १९४० मध्ये उभी राहिली. जर्मनांनी व्यापलेल्या देशांत माणसं उतरवायची, स्थानिक प्रतिकारगटांना शस्त्रं पुरवायची, रेल्वे आणि कारखाने उडवायचे, हे तिचं काम. मुख्य कचेरी लंडनच्या बेकर स्ट्रीटवर. फ्रान्सचं काम पाहणारा तिचा मोठा विभाग ‘एफ सेक्शन’. त्याचे प्रमुख मॉरिस बकमास्टर युद्धाआधी फोर्ड मोटर कंपनीचे फ्रान्समधले व्यवस्थापक होते. माणूस उत्साही, कामसू, आपल्या माणसांवर जीव टाकणारा. वाईट बातमीवर विश्वास ठेवणं मात्र त्यांना फार जड जाई.

व्हेरा इथं १९४१ मध्ये सेक्रेटरी म्हणून आली आणि बघता बघता विभागाची गुप्तवार्ता अधिकारी झाली. जन्म १९०८चा, रुमानियातल्या गालात्सचा. मूळ नाव व्हेरा मारिया रोझेनबर्ग. वडील जर्मन ज्यू. ॲटकिन्स हे आईच्या माहेरचं नाव. १९३७ मध्ये ती आईबरोबर इंग्लंडला आली. इंग्रजी अशी बोलायची की ती बाहेरची आहे अशी शंकाही कुणाला येऊ नये. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटननं रुमानियाविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हा कागदोपत्री ती शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली. सहकाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत होतं. ब्रिटिश नागरिकत्व मिळालं ते १९४४ मध्ये, आणि त्या अर्जामागे बकमास्टर यांचं पाठबळ होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

गुप्तवार्ता अधिकारी म्हटलं की शत्रूची गुपितं काढणारी व्यक्ती डोळ्यांपुढे येते. व्हेराचं काम वेगळं होतं. व्यापलेल्या फ्रान्समधलं रोजचं जगणं तिला पाठ ठेवावं लागे. रेशनकार्ड कधी बदललं, संचारबंदी कुठं किती वाजता लागते, कुठल्या गाडीत कागद तपासतात. कॉफीच्या दुकानात ‘बिनदुधाची द्या’ म्हणणारा माणूस पकडला जाऊ शकत होता, कारण दूध टंचाईत गायब झालेलं, कॉफी मिळायची ती बिनदुधाचीच. बायकांना सिगारेटचं रेशन नव्हतं, म्हणून चारचौघांत बिनधास्त सिगारेट ओढणारी बाई संशय ओढवून घेई. असल्या बारीकसारीक गोष्टींचा साठा म्हणजे व्हेरा.

दुसरं काम निरोपाचं. चांदण्या रात्री टँगमिअर किंवा टेम्प्सफर्डच्या धावपट्टीवर ती स्वतः हजर असे. निघणाऱ्याचे खिसे उलटे करून पाही. लंडनच्या बसचं तिकीट, इंग्लंडच्या शिंप्याची चिठ्ठी, ब्रिटिश काडेपेटी, काहीही राहता कामा नये. माणूस गेला की त्याच्या घरच्यांना ठरावीक काळानं दोन ओळींचं पत्र जाई: तुमच्या मुलीची खुशाली कळते आहे, काळजी नसावी. मजकूर जवळजवळ छापीलच.

नूर

१९४३च्या मे-जूनमध्ये जायला निघालेल्यांत एक मुलगी होती नूर इनायत खान. तिचं एक टोक आपल्याकडे येऊन मिळतं. तिचे वडील, सूफी गुरू आणि गायक इनायत खान, यांचा जन्म गायकवाडांच्या बडोद्यातला, १८८२चा. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनीच सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं १८८६ मध्ये बडोद्याची गायनशाळा सुरू केली. ती आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे. आजीकडून टिपू सुलतानाशी नातं लागतं, असं घराणं सांगत आलं. नूरची आई अमेरिकन. नूर मॉस्कोत जन्मली, पॅरिसजवळच्या स्युरेनमध्ये वाढली, मुलांसाठी गोष्टी लिहायची. जातककथांचं तिचं पुस्तक १९३९ला आलं. फ्रान्स पडल्यावर घर इंग्लंडला आलं, ती ‘नोरा’ या नावानं हवाई दलाच्या महिला शाखेत भरती झाली आणि बिनतारी संदेशाचं काम शिकली. फ्रेंच अस्खलित, यंत्रावर बोटं चालणारी. एसओईला अशीच माणसं हवी होती.

प्रशिक्षणातले शेरे काही बरे नव्हते. बुद्धीचा फारसा भार नाही, घाबरट आहे, या कामाला योग्य वाटत नाही, अशा अर्थाचं प्रशिक्षणप्रमुखांनी लिहिलं. बकमास्टर यांनी समासात त्याचा समाचार घेतला. बरोबरीच्या दोघींनी व्हेराला पत्र लिहून नूरबद्दल काळजी कळवली. व्हेरानं तिला जेवायला बोलावलं आणि सरळ सांगितलं, मागं फिरायचं असेल तर आत्ता फीर, कुणीही तुला नावं ठेवणार नाही. नूर हलली नाही. तिला काळजी एकाच गोष्टीची होती: आई. म्हणून तिनं व्हेराकडे एक मागणी केली. मी मेले अशी पक्की खात्री झाल्याशिवाय आईला वाईट काही कळवू नका. व्हेरानं शब्द दिला. निघायच्या रात्री नूरनं तिच्या कोटावरच्या चांदीच्या पक्ष्याचं कौतुक केलं, तर व्हेरानं तो तिथल्या तिथं काढून तिला देऊन टाकला.

१६ जूनच्या रात्री छोट्या लायसँडर विमानांनी नूर, डायाना रोडन आणि सेसिली लेफोर्ट फ्रान्समध्ये उतरल्या. तिघींतली एकही परत आली नाही. उतरवून घेण्याची व्यवस्था पाहणारा आन्री देरिकूर जर्मन सुरक्षा पोलिसांशी संधान बांधून होता. व्हेराला तो पहिल्यापासून आवडत नसे, पण तिच्या नावडीवर काम थांबलं नाही.

नूर उतरली आणि आठवडाभरात पॅरिसभोवतीचं ‘प्रॉस्पर’ हे मोठं जाळं कोसळलं. प्रमुख फ्रान्सिस सटिल, त्यांचा यंत्रचालक गिल्बर्ट नॉर्मन आणि त्यांचे निरोप पोचवणारी आंद्रे बोरेल हे पकडले गेले. बोरेल हे नाव लक्षात ठेवा. पॅरिसमध्ये लंडनशी बोलणारं नूरचं यंत्र जवळजवळ एकटं उरलं. परत ये म्हटलं तर ती आली नाही. पॅरिसमध्ये आता दुसरं कुणी नाही, हे तिचं उत्तर. एका यंत्रचालकानं सहा आठवडे टिकणं म्हणजे नशीब, असं मानलं जाई. ती घरं बदलत, यंत्राची पेटी हातात घेऊन, साडेतीन-चार महिने टिकली. घाबरट हा शेरा मारणाऱ्यांनी ते महिने पाहिले नाहीत.

ऑक्टोबर १९४३ मध्ये तिची खबर पैशासाठी विकली गेली. जर्मन सुरक्षा पोलिसांचं ठाणं ८४, आव्हेन्यू फॉश इथं होतं, तिथं तिला नेलं. ती बोलली नाही. पण पाठवलेल्या संदेशांच्या नकला तिनं वहीत जपून ठेवल्या होत्या. ‘फायलिंग’बाबत काळजी घे, या गोलमोल सूचनेचा तिनं तसा अर्थ लावला होता. वही आणि यंत्र दोन्ही हाती लागल्यावर जर्मनांना तिच्या तोंडून काही काढायची गरजच उरली नाही.

ज्या निरोपावर कुणी विश्वास ठेवला नाही

आता या प्रकरणाची खरी गाठ. त्याच ऑक्टोबर महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून एफ सेक्शनला एक निरोप आला. सोनिया पॅरिसहून सांगते की ‘मादलेन’ला मोठा अपघात झाला असून ती इस्पितळात आहे. मादलेन हे नूरचं सांकेतिक नाव. अपघात म्हणजे अटक, इस्पितळ म्हणजे तुरुंग, हे या धंद्यातल्या पोरालाही कळावं.

बेकर स्ट्रीटवर प्रश्न उठला: ही सोनिया कोण? लंडनच्या कुठल्याच फाईलमध्ये ते नाव नव्हतं. सोनिया ओल्शानेझ्की ही मूळची जर्मनीत जन्मलेली, रशियन ज्यू घरातली, विशीची नर्तकी. ती लंडनहून गेली नव्हती. फ्रान्समध्येच ‘जगलर’ नावाच्या जाळ्यानं तिला कामाला घेतलं होतं. निरोप पाठवणारा झाक वेल हा तिचा वाग्दत्त वर. जाळं उद्ध्वस्त झाल्यावर तो निसटून स्वित्झर्लंडला गेला. ती पॅरिसमध्येच राहून काम करत राहिली. पण ज्याची फाईल नाही त्याचा भरवसा नाही, हा कचेरीचा खाक्या. निरोप बाजूला पडला.

नूरच्या यंत्रावरून संदेश येत राहिले आणि लंडनला ते खरे वाटले. हे एकदाच झालं असतं तर समजून घेता आलं असतं. प्रत्येक यंत्रचालकाला संदेशात घालायच्या दोन गुप्त खुणा दिलेल्या असत. एक दिखाऊ, छळ झाला तर सांगून टाकायची. दुसरी खरी, जी नसली म्हणजे समजायचं की माणूस पकडला गेला. गिल्बर्ट नॉर्मनच्या अटकेनंतर जर्मनांनी त्याच्या यंत्रावरून संदेश पाठवला, त्यात खरी खूण नव्हती. यंत्रणेनं आपलं काम चोख बजावलं होतं. लंडनहून उत्तर गेलं: तुम्ही खरी खूण घालायला विसरलात, पुढच्या वेळी काळजी घ्या. समोर जर्मन अधिकारी बसलेले, आणि आपलीच कचेरी शत्रूला सांगते आहे की आणखी एक खूण असते. नॉर्मनला काय वाटलं असेल!

नूरच्या यंत्राच्या जोरावर जर्मनांनी पुढे माणसंच मागवली. फेब्रुवारी १९४४च्या अखेरीस फ्रान्स आंतेल्म, लायनेल ली आणि मादलेन दामेर्मां हे तिघं शार्त्रजवळ छत्रीनं उतरले. खाली स्वागताला गेस्टापो उभा होता.

या सगळ्यात व्हेराची जबाबदारी किती? निर्णय बकमास्टर यांचे. पण खुणांचा घोळ तिला दिसत नसेल, हे मला पटत नाही. तिच्यासारखी काडेपेटीवरचा छाप पाहणारी बाई संदेशातली उणीव न पाहता राहील? बहुधा पाहिली, आणि जोर लावला नाही. कारण म्हणून तिच्या नागरिकत्वाकडे बोट दाखवलं जातं. शत्रुराष्ट्राची नागरिक, ज्यू, आणि ज्याच्या सहीवर इथं राहणं अवलंबून त्याच वरिष्ठाला तू फसतो आहेस असं कोण सांगणार? तिच्या मृत्यूनंतर आणखी एक गोष्ट उजेडात आली. १९४० मध्ये एका चुलत भावाची सुटका करण्यासाठी ती हॉलंड-बेल्जियमकडे गेली होती आणि पासपोर्टसाठी जर्मन लष्करी गुप्तहेर खात्याच्या माणसाला पैसे पोचवले गेले होते. हे एसओईला कळलं असतं तर नोकरी सोडाच, तिची चौकशी झाली असती. माणूस का गप्प बसला हे यावरून समजतं. गप्प बसण्याची किंमत मात्र दामेर्मांसारख्यांनी मोजली.

यादी हातात घेऊन

युद्ध संपलं तेव्हा एफ सेक्शनच्या चारशेहून अधिक माणसांपैकी ११८ बेपत्ता होती. बायका एकोणचाळीस गेल्या होत्या. त्यांतल्या बारा छावण्यांत मेल्या, हे पुढे निष्पन्न झालं. त्या वेळी लंडनच्या हाती फक्त ‘बेपत्ता’ हा शेरा होता. जर्मनांनी या कैद्यांवर ‘रात्र आणि धुकं’ असा शिक्का मारलेला. अर्थ असा की कुठं ठेवलं, काय केलं याचा कुणालाही पत्ता लागू द्यायचा नाही.

एसओई जानेवारी १९४६ मध्ये बंद झाली. कचेऱ्या आवरल्या जात होत्या, सगळ्यांना घरची ओढ लागलेली. व्हेरा हवाई दलाच्या महिला शाखेचा गणवेश चढवून उलट दिशेनं जर्मनीला गेली आणि युद्धगुन्हे तपास पथकाच्या आसऱ्यानं एकेका नावाचा माग काढू लागली. इथं तिच्या कामाला दाद दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कसलीही नोंद नसलेल्या माणसांचा शोध घ्यायचा तो तुरुंगाचे पहारेकरी, स्वयंपाकिणी, सुटून आलेले कैदी, पकडलेले गेस्टापोवाले यांच्या जबाबांतून. छावणीचे अधिकारी तिच्यापुढे बसत आणि ती आवाज न चढवता तारखा विचारत राही. ११८ पैकी एक सोडून सर्वांचं काय झालं ते तिनं शोधून काढलं, असं सांगितलं जातं. रावेन्सब्रुकला मारल्या गेलेल्या व्हायोलेट साबो, डेनीस ब्लॉक आणि लिलियन रोल्फ यांची हकीकत तिनं छावणीच्याच अधिकाऱ्याकडून वदवून घेतली.

नात्झवायलरचा धागा तिला स्टोनहाउस आणि बेल्जियन डॉक्टर आल्बेर गेरिस या दोन जिवंत साक्षीदारांनी दिला. शिवाय एफ सेक्शनची हेर ओडेट सॅनसम परत आली होती. तिनं सांगितलं, मे १९४४ मध्ये पॅरिसहून आठ बायकांना एकत्र जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या तुरुंगात नेलं, मीही त्यांत होते. ओडेट पुढे रावेन्सब्रुकला गेली आणि वाचली. मग उरलेल्या सातजणींचं काय झालं?

कार्ल्सरूहेच्या तुरुंगातून चौघी जुलैत नात्झवायलरला गेल्या. वर्णनं जुळवता जुळवता आंद्रे बोरेल, व्हेरा ली आणि डायाना रोडन पक्क्या झाल्या. रिबीन कुणाची, कोट कुणाचा, केस कुणाचे रंगवलेले, हे व्हेरा ॲटकिन्सला आठवत होतं. काहींना तिनं स्वतः निरोप दिला होता. चौथी सावळी, बुटकी, काळ्या केसांची. तिला लंडनच्या यादीतलं एकच बेवारस नाव जुळत होतं. नूर पॅरिसच्या आव्हेन्यू फॉशमध्ये होती आणि तिथून जर्मनीला नेली गेली, एवढं सुटून आलेल्यांकडून कळलं होतं. त्यापुढे काही नाही. एका बाजूला नाव नसलेली बाई, दुसऱ्या बाजूला शेवट नसलेलं नाव. व्हेरानं दोन्ही जोडली.

पोलीस खात्यात मुडदा ओळखायला बेपत्ता माणसांची यादी काढतात, तसंच हे. मेलेला माणूस यादीतच नसेल, ही शक्यता यादी पाहणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. आठ बायकांपैकी सात लंडनच्या होत्या. आठवीही लंडनचीच असणार, हे व्हेरानं गृहीत धरलं. तिथंच घसरलं.

१९४६ मध्ये तिनं नूरच्या घरी कळवलं की ती ६ जुलै १९४४ला नात्झवायलरला मारली गेली. पक्की खात्री झाल्याशिवाय कळवणार नाही, हा शब्द व्हेरा विसरली नव्हती. तिला खात्री वाटत होती. मेच्या अखेरीस जर्मनीतल्या वुपरटालला या हत्यांचा खटला उभा राहिला, व्हेराची साक्ष झाली. नावं वर्तमानपत्रांत येऊ नयेत, घरच्यांना तपशील तिथून कळू नयेत, यासाठी तिनं खटपट केली. सुई टोचणाऱ्या डॉक्टर वेर्नर रोडेला फाशी झाली.

फॉर्झहाइमचा डबा

कथा इथंच मिटली असती. पण जर्मनीतल्या फॉर्झहाइमच्या तुरुंगातून सुटलेल्या एका फ्रेंच बाईला एक पत्ता पाठ होता. कैदी एकमेकींना दिसत नसत, पण जेवणाचे टिनचे डबे कोठडी-कोठडीतून फिरत. डब्याच्या बुडाला कुणीतरी टोकानं कोरून आपलं नाव आणि पत्ता लिहिला होता: नोरा बेकर, ४ टॅव्हिटन स्ट्रीट, लंडन. बेकर हे नूरच्या आईचं नाव, पत्ता तिच्या घराचा. त्या बाईनं युद्धानंतर त्या पत्त्यावर लिहिलं. फॉर्झहाइमचा उल्लेख नूरच्या कुठल्याही कागदात तोवर नव्हता.

दुसरा दुवा जानेवारी १९४७ मध्ये मिळाला. आव्हेन्यू फॉशचा मुख्य अधिकारी हान्स कीफर सापडला. गार्मिशच्या एका हॉटेलात झाडलोट करत होता. व्हेरानं त्याचा जबाब घेतला. नूरबद्दल त्यानं आदरानं सांगितलं. तिनं काही सांगितलं नाही, दोनदा पळून जायचा प्रयत्न केला, एकदा तर छपरावरून. पुन्हा पळणार नाही असं लिहून द्यायला नकार दिला, म्हणून नोव्हेंबर १९४३ मध्ये तिला सर्वांत आधी जर्मनीला पाठवलं. कुठं? फॉर्झहाइमला, साखळदंडात. ती मारली गेली हे ऐकून कीफर रडू लागला. व्हेरा त्याला म्हणाली, रडायचंच असेल तर ते मी रडेन. हे नाटक बंद करा. पकडलेल्या गणवेशधारी ब्रिटिश सैनिकांना साधे कपडे घालून गोळ्या घातल्याच्या गुन्ह्यात त्याला पुढे त्याच वर्षी फाशी झाली.

आता तारखा उघड बोलत होत्या. कार्ल्सरूहेला मे १९४४ मध्ये आठजणी आल्या तेव्हा नूर सहा महिन्यांपासून फॉर्झहाइमला एकट्या कोठडीत होती. त्या आठजणींत ती असणं शक्यच नव्हतं. कार्ल्सरूहे गेस्टापोच्या माणसांनी सप्टेंबरात चार बायकांना डाखाऊच्या छळछावणीत नेलं होतं: योलांद बीकमन, एलियान प्लूमन, मादलेन दामेर्मां आणि एक चौथी. ही चौथी फॉर्झहाइमहून आणलेली होती. १३ सप्टेंबर १९४४ला सकाळी चौघींना गोळ्या घातल्या. नूरच्या यंत्रावरच्या खोट्या संदेशानं जाळ्यात सापडलेली दामेर्मां तिच्या शेजारी मेली.

व्हेरानं नूरची नोंद दुरुस्त केली, घरच्यांना पुन्हा लिहिलं. १९४९ मध्ये नूरला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा मोठा शौर्यसन्मान मिळाला. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये २०१२ पासून तिचा अर्धपुतळा आहे.

पण नूर तिथून निघाली की नात्झवायलरची जागा रिकामी होते. तिथं कोण, हा प्रश्न लंडननं सोडून दिला. त्याचं उत्तर सरकारी खात्यानं नव्हे, १९५०च्या दशकात या मृत्यूंमागे लागलेल्या बाहेरच्या लेखकांनी शोधलं: सोनिया ओल्शानेझ्की. जानेवारी १९४४ मध्ये पॅरिसला पकडली गेली, मे महिन्यात कार्ल्सरूहेला नेलेल्या आठजणींतली आठवी. तेव्हा ती वीस वर्षांची होती. नूरला पकडलं आहे हे लंडनला वेळेवर सांगू पाहणारी सोनिया हीच.

दोष कुठं ठेवायचा

१९४६च्या चुकीबद्दल व्हेराला फार बोल लावावा असं मला वाटत नाही. कागद नाहीत, साक्षीदार विखुरलेले, वर्णनात ‘सावळी, बुटकी’ एवढंच. कुणीही चुकला असता. शिवाय पुरावा उलटा येताच तिनं कबूल केलं आणि आपलीच नोंद खोडली, हे अधिकाऱ्यांत दुर्मीळ.

सोनियाच्या बाबतीत मात्र तसं म्हणता येत नाही. नूर चौथी नाही हे कळल्यावर, चौथी कोण, हा प्रश्न व्हेराच्याच टेबलावर होता. ती तिथंच थांबली. सोनियाच्या माणसांना लंडनहून कधी कळवलं गेलं नाही. एक बाजू अशी मांडतात की ती एफ सेक्शननं पाठवलेली नव्हती, तिची जबाबदारी फ्रेंचांची. कागदावर हे बरोबर आहे. पण तिनं काम केलं ते एफ सेक्शनच्या जाळ्यात, तिची बातमी आली ती एफ सेक्शनला, आणि मेली ती एफ सेक्शनच्याच तिघींबरोबर. १९४३ मध्ये फाईल नाही म्हणून तिचा निरोप बाजूला टाकला, आणि १९४७ नंतर फाईल नाही म्हणूनच तिचा मृत्यूही. दोन्ही वेळी कारण एकच, आणि दुसऱ्या वेळी घाई किंवा युद्धाचा धुरळा ही सबब नव्हती.

व्हेरा पुढे परदेशी विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचं काम पाहणाऱ्या संस्थेत गेली, १९६१ला निवृत्त झाली आणि ससेक्समधल्या विंचेलसीला राहिली. संशोधक, पत्रकार, नातेवाईक तिला भेटायला येत. ती चहा देई, अदबीनं बोले, आणि सांगायचं नसे ते सांगत नसे. बकमास्टर यांच्याबद्दल जाहीरपणे तिनं वावगा शब्द काढला नाही. फ्रान्सनं तिला १९८७ मध्ये लिजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. ब्रिटनचा सीबीई किताब यायला १९९७ उजाडलं, तेव्हा ती एकोणनव्वद वर्षांची होती. जून २०००मध्ये ती गेली.

नात्झवायलरला १९७५ मध्ये चौघींच्या नावाची पाटी लागली, तीत सोनियाचं नाव आहे. फ्रान्समधल्या वालान्से इथं एफ सेक्शनच्या मृतांचं स्मारक १९९१ मध्ये उभं राहिलं, त्यावर १०४ नावं आहेत. फ्रान्समध्येच कामाला घेतलेले लोक त्या नावांत धरले नाहीत, म्हणून सोनिया तिथं नाही.